बुचांची दोरी

आमच्या सोसायटीत आमच्या घराची पहिली चर्चा झाली ती बुचांवरून. माझा नवरा स्टेशनजवळच्या परमिट रूमच्या मागच्या दाराशी उभा राहून बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं मागून घेतो, हे तळमजल्यावरच्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ते आधी सेक्रेटरींना सांगितलं, मग दुसऱ्या मजल्यावर, आणि सगळ्यात शेवटी मला. "वहिनी, घरी काही टेन्शन आहे का?" एवढंच विचारलं, पण विचारताना माझ्या खांद्यावरून आत डोकावून घेतलं.

मी त्यांना हसून वाटेला लावलं. दार लावलं आणि लगेच नवऱ्याच्या पँटचे खिसे तपासले. एका खिशात मूठभर बुचं निघाली. नवरा पीत नाही हे मला माहीत होतं. त्याचे वडील खेडोपाडी फिरणारे ख्रिस्ती प्रचारक, घरात खोकल्याचं औषधसुद्धा दारूचा अंश नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्यायचे. तरी मी एकेक बूच नाकाशी धरून पाहिलं. माझा स्वभावच तसा आहे. दूधवाल्याचं माप असो की रिक्षाचा मीटर, माझा पटकन विश्वास बसत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे झालं ते या स्वभावातूनच झालं.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा बुचं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवलेली होती. त्याला वाटलं मी कौतुकाने मांडली आहेत. त्याने पक्कड काढली, मासेमारीची हिरवी नायलॉनची दोरी काढली, आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला हाताशी घेऊन दोरीवर दीड-दीड हाताच्या अंतराने बुचं चेपून बसवायला सुरुवात केली.

"अहो, हे काय चाललंय?"

"अगं, आफ्रिकेची तयारी," तो म्हणाला.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नेरूळला नुकतेच राहायला आलो होतो. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. नवरा शेतकी पदवीधर, महाप्याच्या एका खत-औषधांच्या कंपनीत ऑफिसात बसायचा, आणि मी जवळच्या शाळेत सकाळच्या वेळेत क्लार्क होते. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान होती. स्वतःचं चर्च नव्हतं, रविवारची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. तिथेच एका रविवारी आफ्रिकेतल्या मलावीहून परतलेलं एक जोडपं साक्ष द्यायला, म्हणजे देवाच्या कामाचा अनुभव सांगायला आलं. दोघं आपल्याच सोलापूरकडची. तो शेतकी शिकलेला, ती नर्स, आणि तिकडच्या एका खेड्यात मिशनचं काम करत त्यांनी आठ वर्षं काढली होती.

भिंतीला पांढरी चादर लावून त्यांनी स्लाइड दाखवल्या. लाल माती, मातीची घरं, आपल्या लुंगीसारखं काहीतरी गुंडाळलेल्या बायका, आणि उंचच उंच मका. त्यांचं काम असं की, नांगर नाही, विकतचं खत नाही, फक्त कुदळ. बुचांची दोरी शेतात ताणायची आणि जिथे बूच येईल तिथे खड्डा घ्यायचा. खड्ड्यात ओंजळभर शेणखत आणि मक्याचे दाणे टाकायचे, वरून सगळ्या जमिनीवर वाळलेल्या गवताचं पांघरूण. जाळायचं काही नाही. आणि शेताच्या चारी कोपऱ्यांना पक्क्या खुंट्या ठोकायच्या, म्हणजे दर वर्षी दोरी त्याच जागी ताणता येते आणि खड्डे त्याच जागी येतात. तिकडे गरीब माणसाकडे बैल नसतो, पण कुदळ असतेच. त्या एका पद्धतीने गावं पोटभर खायला लागली, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला.

मग त्याने एक गंमत सांगितली. पहिल्या वर्षी त्यांनी दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या उपटलेल्या. गावाचा मुखिया काठी घेऊन दारात. "तुम्ही मोजलंत म्हणजे आता ही जमीन कुणाची?" असं त्याने विचारलं. पूर्वी गोऱ्या लोकांनी मोजली होती, तेव्हा ती गेलीच होती. ही गोष्ट सांगताना तो हसला, हॉल हसला, माझा नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. मी हसले नाही, पण ती गोष्ट माझ्या पक्की लक्षात राहिली.

चहाच्या वेळी मी त्या नर्सबाईंना गाठलं. "मुलं कशी शिकतात तिकडे?"

"बोर्डिंगला आहेत. गाडीने दोन दिवस लागतात. वर्षातून दोनदा भेट होते. देवाने सगळं सोपं केलं बघा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, हातांकडे पाहत होते. त्यांनी कागदी कप चुरगाळून त्याची सुरळी केली होती.

बोर्डिंग काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. नगरकडच्या मिशन बोर्डिंगमध्ये मी वयाच्या सहाव्या वर्षी गेले. माझे आईवडीलही प्रचारक, त्यांच्या सेवेत माझा अडथळा नको म्हणून. दर शनिवारी घरी पत्र लिहायचं असे आणि मॅडम ते वाचून पाकिटात घालत. "मी मजेत आहे" हे पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलेलं असायचं. अंथरूण ओलं झालं की ते डोक्यावर घेऊन अंगणात उभं राहायचं, हे पत्रात लिहायचं नसे. माझे आईवडील ती पत्रं जपून ठेवायचे आणि लोकांना दाखवायचे. त्यांना मी कधीच माफ केलं नाही, आणि त्यांना ते कधी कळलंही नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मला वाटतं, माझं पाचारण झालंय." आमच्यात देवाने एखाद्या कामाला बोलावणं याला पाचारण म्हणतात. मी म्हटलं, "बघू."

इतकंच म्हटलं. 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो प्रार्थनेला बसला असता, आणि प्रार्थनेतून उठलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे मी बापाच्या घरी शिकले होते. शिवाय मला वाटायचं की त्याचं आत कुठेतरी ठरलेलंच आहे. मला विचारणं हा नुसता उपचार आहे. म्हणून मी गप्प राहून वाट पाहत होते की हे आपोआप कुठेतरी अडेल.

मिशनवर पाठवणाऱ्या कमिटीची एक अट होती. जायच्या आधी उमेदवाराने इथे, आपल्या देशात, एक पीक त्याच पद्धतीने काढून दाखवायचं. दर महिन्याला फोटो, शेवटी अहवाल, त्यावर पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची सही. ते झालं तर जूनमध्ये आम्ही तिघं मलावीला. नाही झालं तर यादीतलं पुढचं कुटुंब. अट वाचून मला मनात फार बरं वाटलं. नवी मुंबईत शेत कुठून आणणार? सगळ्या गावांच्या जमिनी शहरासाठी गेलेल्या. उरल्या होत्या त्या इमारती, रिकामे प्लॉट आणि खाडी.

पण शेत आलं, आणि आलं ते माझ्याच दारातून.

करावे गावातली एक म्हातारी आमच्या सोसायटीत दुपारी पाटी घेऊन यायची. वालाच्या शेंगा, माठ, शेवगा, कधी खाडीची कोळंबी. मी तिला आजी म्हणायचे, ती मला बाय. सुरुवातीला तिच्या मापावरही माझा संशय होता. तीनदा मोजून घेतलं तेव्हा तिने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाय, तू मोज. मी बसतंय." त्यानंतर ती रोज आमच्याकडे बसून पाणी प्यायची. तिच्या घराची शेती केव्हाच गेली होती. राहिला होता तो घरामागचा एक पट्टा, त्यात जुनी विहीर. तिथे ती भाजी लावायची. दोन मुलगे होते, दोघांनाही त्या पट्ट्यावर खोल्या बांधून न्हावा शेव्याच्या कंटेनरवाल्यांना भाड्याने द्यायच्या होत्या. म्हातारी म्हणायची, "मी हाय तवर नाय."

हे सगळं मी नवऱ्याला जेवताना सांगायचे, नुसती गंमत म्हणून. तो घास हातात धरून थांबला. "तू विचारशील तिला?"

मी विचारलं. आता वाटतं, तिथेच नवऱ्याशी खोटं बोलायला हवं होतं, 'ती नाही म्हणाली' असं. म्हटलं, "आजी, आमच्या ह्यांना अर्धा पट्टा द्याल का, चार महिने? मका लावायचाय. पीक तुमचंच." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुज्या नवऱ्याला इकरं कुटं मका खायाला मिलत नाय?" मग म्हणाली, "तू सांगतंस म्हनून. तुज्या शबुदावर."

दिवाळीनंतर नवऱ्याने काम सुरू केलं. सकाळी ऑफिसच्या बसच्या आधी दोन तास आणि शनिवार-रविवार. मुलीला बरोबर न्यायचा. ती दोरीचं एक टोक धरायची. गावातली माणसं कठड्यावर बसून बघायची. इकडे कोकणात पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजतात, आणि हा माणूस उलट पेंढा आणून पसरतोय. म्हातारीने विचारलं, "राब नाय भाजायचा?" नवऱ्याने तिला जमिनीच्या पोटातल्या गांडुळांवर छान प्रवचन दिलं. तिने ऐकून घेतलं आणि पेंढ्याचा एक कोपरा पायाने उचलून खाली काही पुरलं तर नाही ना, ते बघितलं.

खरी चूक खुंट्यांची झाली. सकाळच्या अंधुक उजेडात दिसाव्यात म्हणून नवऱ्याने चारी खुंट्यांची टोकं लाल ऑइलपेंटने रंगवली. मी त्या आमच्या बाल्कनीत वाळताना पाहिल्या. करावेच काय, त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात लहान मूलसुद्धा सांगेल की लाल टोकाची खुंटी कोण ठोकतं. सर्वेवाले ठोकतात. आणि त्यांनी ठोकली की जमीन जाते. शेतकीचा पदवीधर, नगरकडचा, त्याला आडसाली ऊस कळत होता, पण ही गोष्ट कळली नाही. मला आजीच्या गप्पांतून कळली होती. आणि मी ती बोलले नाही. "रंग वाळला का बघ गं," एवढं मुलीला सांगून मी पोळ्या करायला गेले.

मका उगवला. हे मी मान्य करायला हवं की फार सुंदर उगवला. ओळी इतक्या सरळ की कुठूनही पाहा, तिरक्या पाहा तरी ओळच दिसायची. नवरा फोटो काढायचा. आमची मुलगी रोपांशेजारी उभी राहायची, तिच्या गुडघ्याएवढी रोपं, मग कमरेएवढी. फोटो धुऊन आले की तो ते रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर मांडायचा. मी ते बघायचे आणि मला दिसायचं, ही रोपं तिच्या खांद्याएवढी झाली की पत्र्याची ट्रंक भरायची. मला मक्याचा राग यायला लागला होता.

गावात कुजबुज सुरू झाली होती, ती नवऱ्याच्या कानावर गेली नाही. त्याला सगळी माणसं चांगलीच वाटायची. माझ्या कानावर आली. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई तिथलीच. ती म्हणाली, "लोक बोलतात, तुमचे साहेब आफिसातले नाय, सर्वेचे हायत. धरमाचं नाव सांगतात. दोरीला बुचं लावून मोजतात, कुनाला कलू नये म्हनून." मी म्हटलं, "असं बोलतात?" आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

जानेवारीत एका दुपारी म्हातारी आली. पाटी नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, पाणी घेतलं नाही. मुलगी शाळेत होती, नवरा महाप्याला. घरात आम्ही दोघीच.

"बाय, एक ईचारतंय. खरं बोल."

"बोला आजी."

"तुजा नवरा सर्वेत हाय काय?"

मी कणीक मळत होते. हात थांबले नाहीत.

"माजी पोरं सांगतान, आई, तो मोजून गेला. आता कागद येल. मागं पन असंच झालेलं. एक मानूस आलेला, गोड बोलत व्हता, माज्या मालकाबरोबर जेवला. मंगशी शेत गेला." तिने डोळ्यांना पदर लावला नाही, सरळ माझ्याकडे बघत राहिली. "मी पोरांना सांगितला, ती बाय खोटी नाय बोलायची. तिला ईचारतंय. तू सांग."

एक वाक्य पुरलं असतं. नाही हो आजी, तो साधा माणूस आहे, त्याला मका लावायचं वेड लागलंय. तिने माझ्या शब्दावर जमीन दिली होती, माझ्या शब्दावर ती ठेवलीही असती. मलावीच्या त्या मुखियाची गोष्ट मला त्या क्षणी लख्ख आठवली. मला नक्की माहीत होतं, म्हातारीला काय भीती वाटते आणि ती किती फुकटची आहे. पण मला माझ्या मुलीचं अंथरूणही दिसत होतं, कुठल्यातरी परक्या अंगणात.

"मला त्यांच्या कामातलं काही कळत नाही, आजी," मी म्हटलं. "ते मला काही सांगत नाहीत."

खोटं एवढंच. त्यानंतर मी गप्प बसले आणि कणकेकडे बघत राहिले. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "समजला," म्हणाली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा सासुरवाशिणीच्या डोक्यावरून फिरवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा गेला तर चारी खुंट्या उपटून विहिरीच्या काठावर ठेवलेल्या. मुलगे दारात उभे. त्यांनी शिवीगाळ केली नाही, फक्त सांगितलं की इथे परत यायचं नाही. नवऱ्याला वाटलं त्याचं काही चुकलं असेल, विहिरीचं पाणी जास्त घेतलं असेल. तो घरी येऊन मला म्हणाला, "तू बोल ना तिच्याशी. तुझं ती ऐकते."

"जाते," मी म्हटलं.

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, तर दगडमातीचा ट्रक रिव्हर्स घेत पट्ट्यात शिरत होता. सरकारची खुंटी पक्की व्हायच्या आत आपण बांधून टाकू, बांधलेलं कुणी लवकर पाडत नाही, असं मुलग्यांनी आईला पटवलं होतं. भीतीच्या भरात म्हातारीने एका दिवसात होकार दिला, जो तिने इतकी वर्षं दिला नव्हता. मी वळणावर उभी राहून पाहिलं. अर्ध्या पट्ट्यावर मका कंबरभर उभा होता, अर्ध्यावर म्हातारीचे वाल फुलावर होते. ट्रकने दोन्हीवर सारखीच भरणी ओतली. म्हातारी पडवीत पाठ करून बसली होती. मी हाक न मारता परत आले.

त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "ती तुझ्याकडे आली होती का मधे?"

"आली होती. पाणी प्यायला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. कमिटीला पत्र त्यानेच लिहिलं. जूनमध्ये दुसरं कुटुंब गेलं, दोन लहान मुलं असलेलं. आम्ही त्यांना निरोप द्यायला सहार विमानतळावर गेलो होतो. आमची मुलगी माझं बोट धरून होती आणि मला इतका आनंद झाला होता की मला माझीच लाज वाटली.

म्हातारी परत आली ती पावसाळा संपल्यावर, एका रविवारी. आम्ही उपासनेहून येऊन जेवायला बसणार होतो. नवरा बाहेरच्या खोलीत मुलीला कोडं सोडवून देत होता. म्हातारी वाळली होती. पाटी नव्हती, विकायला काही उरलंच नव्हतं. पिशवीत बाजारातून विकत घेतलेले वाल होते, माझ्यासाठी. ते देताना म्हणाली, "माजे नाय. वाशीच्या बाजाराचे. तसे गोड नाय लागनार." मग कनवटीचा एक घडी घातलेला कागद काढला.

"वाच गं, बाय. पोरं अंगठा मागतान. कसला कागद हाय, सांगत नाय नीट."

मी कागद उलगडला. सहा खोल्या आणि खालची जागा दोन्ही मुलांच्या नावे, आणि तिचा कसलाही हक्क नाही, तिने राजीखुशीने सोडला आहे. मी दोनदा वाचला. या वेळी मी गप्प बसणार नव्हते. मनात म्हटलं, एवढं तरी खरं सांगू दे. शब्दन् शब्द वाचून दाखवला आणि म्हटलं, "आजी, अंगठा देऊ नका. यात तुमचं काहीच राहत नाही. उद्या त्यांनी घराबाहेर काढलं तर तुम्हाला बोलता येणार नाही."

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला. चेहरा पार बदलला होता.

"माजी पोरं मना बाहेर काढतील?"

"मी कागदात लिहिलंय ते सांगतेय."

"तू त्या टायमाला आपल्या नवऱ्याची बाजू नाय घेतलीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण घर लहान होतं. "मी ईचारला, सर्वेवाला हाय काय, तर तू गप. मी बोलले, बाई केवरी खरी, नवऱ्याला पन पाठीशी घालत नाय. आता माज्या पोरांवर बोलतंस. तुना कोनावरच इश्वास नाय काय गं? आपल्या घरातल्यावर नाय, तं दुसऱ्यांच्या घरात कशाला बगतंस?"

ती उठली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले तर तिने हात धरू दिला नाही. त्याच आठवड्यात तिने अंगठा दिला, हे भांडी घासणाऱ्या बाईकडून कळलं. पुढे ती धाकट्याच्या दारात पडवीवर असायची, नंतर पडवीही भाड्याने गेली. आमच्या सोसायटीत ती पुन्हा आली नाही.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी जिन्यावरून परत आले, तेव्हा नवरा कोड्यापाशीच बसला होता. मुलीला त्याने खाली खेळायला पाठवलं होतं. मला वाटलं आता तो ओरडेल, आणि ओरडला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी कितीतरी महिने ते मनात घोकत होते, ओल्या अंथरुणासकट.

"बोर्डिंगमुळे?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"तू नुसतं नको म्हणाली असतीस तर आपण गेलोच नसतो," तो म्हणाला. "मी वाट पाहत होतो तू काहीतरी म्हणशील म्हणून." मग तो उठला आणि त्याने तिघांची ताटं वाढायला घेतली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. या वाक्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. पण अजूनही कधी दुपारी एकटी असले की मी ते वाक्य काढून बघते. त्याने खरंच तसं ठरवलं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, की मला जन्मभर बोचावं म्हणून? त्याला विचारलं तर तो खरं तेच सांगेल. फक्त त्यावर माझा विश्वास बसणार नाही, म्हणून मी विचारत नाही.